ॲनाटॉमीचे शब्द पाठ आहेत पण वॉर्डात सुचत नाहीत, काय करू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू लिहिलंयस की जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, पहिल्या वर्षात ॲनाटॉमीला बरे मार्क होते, शाळा मराठी मीडियमची, शब्द घोकून पाठ केलेस, आणि आता सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग लागल्यावर इनचार्ज सिस्टर म्हणाल्या "डिस्टलला घे, फोसाला नको" तेव्हा हातात इंट्राकॅथ, म्हणजे सलाईन लावायची सुई-नळी, घेऊन तू तशीच उभी राहिलीस. पुढच्या महिन्यात ऑर्थो, म्हणजे हाडांचा वॉर्ड, आहे म्हणून भीती वाटतेय, आणि शब्द परत पाठ करू की सगळ्यांचे मराठी अर्थ लिहून काढू, असं तू विचारतेयस.

माझ्या मते दोन्हीने फारसा फरक पडणार नाही. मी वीसेक वर्षं वॉर्डात आहे, त्यातली बरीचशी सर्जिकल आणि ऑर्थोमध्ये, आणि तुझ्यासारख्या खूप मुली पाहिल्यात. तुला अर्थ माहितीये. डिस्टल म्हणजे धडापासून लांब, हे तुला झोपेत विचारलं तरी सांगशील. पण सिस्टरांनी तो शब्द तुझ्या हाताला सांगितला होता, सुई कुठे जायला हवी ते, आणि तू तो फक्त कागदावर वाचलेला आहेस, बोटांनी कधी वापरलेला नाहीस. अडचण एवढीच आहे आणि ती दोन-तीन महिन्यांत जाते.

त्या इंट्राकॅथचंच घे. फोसा म्हणजे कोपराच्या आतली खोलगट जागा, तिथली व्हेन जाड असते, दिसते, पटकन मिळते, म्हणून नवीन मुलींचा हात आधी तिथेच जातो. पण व्हेनमधलं रक्त खालून वर जातं, पंजाकडून खांद्याकडे. तू आधी कोपराला टोचलंस आणि ती व्हेन फुटली, तर नंतर त्याच व्हेनवर खाली पंजाला किंवा मनगटाच्या वर लाईन घेतलीस तरी औषध वर जाताना त्या फुटलेल्या जागेतून बाहेर येऊ शकतं आणि हात सुजतो. म्हणून सुरुवात डिस्टलला, पंजाच्या पाठीमागून, आणि गरज पडेल तसं प्रॉक्सिमलला, म्हणजे धडाकडे, वर सरकायचं. शिवाय कोपर वाकलं की सलाईन थांबतं, पेशंटला जेवता येत नाही, आणि फोसाच्या मीडियल बाजूला, म्हणजे करंगळीकडच्या बाजूला, खाली ब्रेकियल आर्टरी आणि मीडियन नर्व्ह असतात, तिथे सुई खोल गेली तर त्रास होतो. आता बघ, डिस्टल, प्रॉक्सिमल, मीडियल असे तीन शब्द आले आणि तिन्हींनी तुझा हात कुठे न्यायचा, कुठे नाही ते ठरवलं. असा शब्द परत विसरत नाही.

आणि हे पण परिस्थितीवर आहे. ॲक्सिडेंटचा पेशंट आला, बीपी लागत नाहीये, तेव्हा डिस्टल-डिस्टल करत पंजावर बारीक व्हेन शोधत बसायचं नसतं, सरळ फोसाला जाड इंट्राकॅथ टाकायचं, १८ नंबरचं हिरवं किंवा १६ चं राखाडी. डायलिसिसच्या पेशंटला ज्या हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेली आर्टरी आणि व्हेन, आहे त्या हाताला हातच लावायचा नाही, ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूला पण शक्यतो नाही. तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल काय आहे ते आधी विचार, मी सांगते ते त्याच्या वर नाही.

आता मराठी अर्थ लिहायचं. डिस्टलला दूरस्थ आणि प्रॉक्सिमलला समीपस्थ असं वहीत लिहून काही उपयोग नाही, कारण वॉर्डात ते शब्द कुणीच बोलत नाही, एका परक्या शब्दाच्या जागी दुसरा परका शब्द येतो. पण घरातली मराठी मात्र भरपूर कामाची आहे आणि हे मला कुणी शिकवलं नाही, गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या पेशंटांकडून मी शिकले. आपण शहरात सगळ्याला हात आणि पाय म्हणतो. ॲनाटॉमीमध्ये आर्म म्हणजे फक्त खांदा ते कोपर, आणि लेग म्हणजे फक्त गुडघा ते घोटा, त्यामुळे आपला गोंधळ होतो. पण जुन्या माणसांकडे बघ, त्यांच्याकडे दंड आहे, आणि दंड म्हणजे तंतोतंत आर्म. नडगी आहे पुढची, पोटरी आहे मागची, म्हणजे लेगचा अँटिरियर आणि पोस्टिरियर भाग त्यांनी वेगळाच ठेवलाय. खुबा म्हणजे हिप, जांघ म्हणजे ग्रॉइन, कूस म्हणजे फ्लँक, फरा म्हणजे स्कॅप्युला, माकडहाड म्हणजे कॉक्सिक्स, ओटीपोट म्हणजे बेंबीच्या खालचा भाग. तुझ्या आजीला हे सगळे शब्द येत असतील. तिला विचार आणि प्रत्येक शब्दासमोर इंग्रजी शब्द लिही, ती वही खरी उपयोगी पडेल. लसीकरणाला पोस्टिंग लागेल तेव्हा पण, बीसीजी डाव्या दंडावर, पेंटा म्हणजे पाच रोगांची लस डाव्या मांडीच्या मध्यभागी पुढच्या-बाहेरच्या बाजूला, म्हणजे अँटिरोलॅटरल, न्यूमोनियाची पीसीव्ही उजव्या मांडीला, गोवर-रुबेलाची एमआर उजव्या दंडावर, असं सांगितलं की आईला पण कळतं, आणि नंतर बाळाची मांडी सुजली तर कुठली लस ते तिला स्वतःला सांगता येतं.

कारण आपलं निम्मं काम तर हेच आहे ना, पेशंट त्याच्या भाषेत सांगतो आणि आपण ते डॉक्टरला आणि केस पेपरला द्यायचं. पेशंट "छातीत जळतंय" म्हणतो आणि हात ठेवतो बरगड्या जिथे संपतात त्या मधल्या खळग्यावर, म्हणजे एपिगॅस्ट्रियमवर. तू नुसतं चेस्ट पेन लिहिलंस तर एक धावपळ होते, आणि नुसतं ॲसिडिटी लिहून सोडून दिलंस तर दुसराच धोका, कारण हार्टचं दुखणं पण तिथे जाणवू शकतं. म्हणून बोट कुठे ठेवलं ते लिही आणि पेशंटचे शब्द तसेच लिही, निदान डॉक्टर करतील. कुशीतून निघून जांघेत उतरणारी कळ म्हणाला तर तो बऱ्याचदा मुतखडा असतो, आणि पुस्तकात "लॉइन टू ग्रॉइन" लिहिलंय ते हेच. बेंबीभोवती दुखायला लागलं आणि मग उजवीकडे खाली सरकलं असं म्हणाला तर ते सरकणंच महत्त्वाचं आहे, ॲपेंडिक्सचं दुखणं असं सरकतं, त्यामुळे "पोट दुखतंय" एवढंच लिहून ते हरवू नकोस. आणि बायका "अंग बाहेर येतंय" म्हणतात तेव्हा ते युटेरस खाली सरकण्याबद्दल असतं, "अंगावरून जातंय" म्हणजे व्हजायनल ब्लीडिंग, "पांढरं जातंय" म्हणजे डिस्चार्ज. हे त्या हळू आवाजात एकदाच सांगतात, बहुतेक तुलाच सांगतात, डॉक्टरला नाही. तू ते नीट इंग्रजीत नोंदवलं नाहीस तर ते कुठेच पोचत नाही.

उजवं-डावं नेहमी पेशंटचं, तुझं नाही. हे ऐकायला बाळबोध वाटतं पण तू पेशंटच्या समोर उभी असतेस, त्याचा उजवा तुझ्या डाव्या हाताला येतो, आणि थकलेल्या नाईटमध्ये इथे चूक होते. पुस्तकातली ॲनाटॉमिकल पोझिशन म्हणजे उभा माणूस, तळवे पुढे, ती एवढ्यासाठीच आहे. पेशंट कसाही पडलेला असो, पालथा असो, हात उलटा असो, हाताच्या अंगठ्याची बाजू लॅटरल, म्हणजे बाहेरची, ती लॅटरलच, रेडियल पल्स, म्हणजे मनगटावरची नाडी, अंगठ्याच्याच बाजूला मिळणार. आणि बोटांना फर्स्ट, सेकंड असे नंबर देऊ नकोस. कुणी अंगठ्यापासून मोजतं, कुणी तर्जनीपासून, मग सेकंड फिंगर म्हणजे कुठलं? थंब, इंडेक्स, मिडल, रिंग, लिटल असं नाव लिही आणि पेशंटला "ही करंगळी ना?" असं विचारून त्या बोटाला हात लावून खात्री कर. डब्ल्यूएचओने २००८ मध्ये सर्जरीची सेफ्टी चेकलिस्ट आणली, त्यात भूल देण्याच्या आधी पेशंटकडूनच नाव, जागा आणि ऑपरेशन कन्फर्म करायला सांगितलंय, ते उगाच नाही. ओटीला, म्हणजे ऑपरेशन थिएटरला, पेशंट पाठवताना मार्किंग आणि केस पेपरवरची बाजू जुळत नसेल तर पेशंट हलवायचा नाही, कोणी कितीही घाई करो.

आता मी स्वतः केलेली एक चूक सांगते, कारण नोट्स का नीट लिहायच्या ते मला तिथे कळलं. नोकरीचं दुसरं वर्ष, नाईट होती, खुब्याचं ऑपरेशन झालेली एक बाई, चौथा दिवस. पहाटे ती म्हणाली पाय जड वाटतोय. मी पाहिलं, डावी पोटरी सुजलेली होती, दाबल्यावर दुखत होती. मी नर्सेस नोट्समध्ये लिहिलं "पायाला सूज", ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, पण तेवढंच म्हटलं, आणि घरी गेले. सकाळच्या सिस्टरांनी पंजे पाहिले, दोन्ही घोट्यांना थोडी सूज होती, ऑपरेशननंतर असते तशी, त्यांनी पाय उशीवर ठेवले. दुपारी राऊंडला डॉक्टरांनी पोटरी पाहिली, डॉपलर, म्हणजे व्हेनची सोनोग्राफी, केला, व्हेनमध्ये गुठळी निघाली. बाई बऱ्या झाल्या, पण ती गुठळी फुफ्फुसात गेली असती तर, हा विचार मला कित्येक दिवस झोपू देत नव्हता. त्या सिस्टरांची काहीच चूक नव्हती, मी लिहिलं तेच त्यांनी पाहिलं. मी लिहायला हवं होतं की डावी काफ, पोस्टिरियर, सूज आणि दाबल्यावर दुखणं, उजवी नॉर्मल. आणि टेप घेऊन दोन्ही बाजूंना टिबियल ट्युबरोसिटीच्या खाली १० सेंटीमीटरवर घेर मोजून, दोन्ही आकडे लिहून, त्याच वेळी डॉक्टरला फोन करायला हवा होता. टिबियल ट्युबरोसिटी म्हणजे गुडघ्याच्या वाटीखाली नडगीच्या सुरुवातीला हाताला लागतो तो उंचवटा. तिथून मोजायचं म्हणजे संध्याकाळची सिस्टर पण त्याच जागी मोजेल आणि आकडे जुळवता येतील, दोघींनी वेगवेगळ्या जागी मोजलं तर आकड्याला अर्थ उरत नाही. दोन पायांत ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असला तर डॉक्टर तो गंभीरपणे घेतात.

म्हणून शब्द शिकायची माझी पद्धत अशी आहे की हाडावर बोट ठेवून शिकायचं. हाड जागा बदलत नाही, माणूस जाड असो बारीक असो, शोधलं की सापडतं. घरी आरशासमोर स्वतःच्या अंगावर कर. गळ्याच्या खाली छातीच्या हाडावरून बोट खाली आण, साधारण दोन इंचांवर एक आडवी उंच रेघ लागते, ती स्टर्नल अँगल, तिला दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्या खालची फट म्हणजे सेकंड इंटरकोस्टल स्पेस, मग तिसरी, मग चौथी मोज. चौथ्या स्पेसमध्ये हाडाच्या उजव्या कडेला ईसीजीचा व्ही१, डाव्या कडेला व्ही२. मग व्ही४ पाचव्या स्पेसमध्ये कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर, व्ही३ हा व्ही२ आणि व्ही४ च्या मध्ये, व्ही५ आणि व्ही६ त्याच लेव्हलला बाजूला, काखेच्या पुढच्या आणि मधल्या रेषेवर. मी बघते, बरेच जण न मोजता अंदाजाने व्ही१, व्ही२ वर लावतात, दुसऱ्या-तिसऱ्या स्पेसमध्ये, आणि मग ग्राफमध्ये जुना अटॅक असल्यासारखं दिसू शकतं, नसताना. एका स्पेसच्या चुकीने पेशंटला नको त्या तपासण्या होऊ शकतात.

इंजेक्शनचं पण तसंच. दंडावर द्यायचं तर खांद्याच्या टोकाचं हाड, ॲक्रोमियन, ते शोध, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोड, मग डेल्टॉइडचा जाड भाग येतो, तिथे साधारण १ मिलीपर्यंत. त्याच्या वर दिलंस तर सांध्याजवळ जातं, फार खाली दिलंस तर रेडियल नर्व्हच्या वाटेवर. कुल्ल्याला द्यायचं असेल तर आपल्याकडे अजून खूप ठिकाणी वरच्या-बाहेरच्या चौकोनात देतात, पण तिथून सायटिक नर्व्ह फार लांब नसते, मुलींचा अंदाज खाली किंवा मीडियलला सरकला की पेशंटचा पाय कायमचा लुळा पडू शकतो. मला व्हेंट्रोग्लुटियल जास्त पटतं. तळवा खुब्याच्या बाहेरच्या हाडावर, ग्रेटर ट्रोकँटरवर ठेवायचा, तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर, मधलं बोट मागे कंबरेच्या कडेकडे ताणायचं, दोन बोटांच्या मध्ये जी फट होते तिथे. डाव्या खुब्यासाठी उजवा हात, उजव्यासाठी डावा. आधी मैत्रिणीवर नुसती जागा शोधायचा सराव कर, सुई न घेता, वीस वेळा तरी.

शेपट्यांकडे पण लक्ष दे, शब्दाच्या शेवटाकडे. एक्टॉमी म्हणजे काढून टाकलं, ऑस्टॉमी म्हणजे तोंड केलं, वाट केली. नेफ्रेक्टॉमीच्या पेशंटला ती किडनी नाहीये, नेफ्रॉस्टॉमीच्या पेशंटला किडनी आहे आणि तिच्यात नळी आहे, त्या नळीची युरीन वेगळी मोजायची असते. दोन अक्षरांत सगळी नर्सिंग बदलली. इलिऑस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचं पोटावर केलेलं तोंड, सहसा उजवीकडे खाली असते आणि पातळ पाण्यासारखं येतं, तिथे पेशंट डिहायड्रेट होतो आणि कातडी जळते, सिग्मॉइड कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागाचं तोंड, डावीकडे असते आणि बरंचसं घट्ट येतं. एनिमा डाव्या कुशीवर का देतात ते पण यातच आहे, सिग्मॉइड डावीकडे आहे म्हणून. आणि जवळजवळ सारखे वाटणारे शब्द फोनवर कधीच नुसते बोलू नकोस. इलियम आतड्याचं आणि इलियम हाडाचं उच्चाराला एकच, स्पेलिंगमध्ये फक्त ई आणि आयचा फरक. युरेटर आणि युरेथ्रा, पेरिनियल आणि पेरोनियल, डिस्फेजिया म्हणजे गिळता न येणं आणि डिस्फेझिया म्हणजे बोलण्याची अडचण. ॲबडक्शन म्हणजे अंगापासून दूर नेणं आणि ॲडक्शन म्हणजे जवळ आणणं, त्यांना आम्ही "ए-बी-डक्शन", "ए-डी-डक्शन" असं अक्षर सुटं करून बोलतो, तू पण तसंच बोल, ऑर्थोमध्ये तर नक्कीच.

बेडसोअर लिहिताना "पाठीला जखम" लिहू नकोस. सेक्रम म्हणजे माकडहाडाच्या वरचं हाड, डावा ट्रोकँटर, उजवी टाच, जे असेल ते, आणि लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये. मोठी जखम असेल तर घड्याळासारखं लिहितात, १२ डोक्याकडे, ६ पायाकडे, मग आतली पोकळी ३ च्या दिशेला २ सेंटीमीटर आहे असं सांगता येतं. पाठीवर पडलेल्या पेशंटला डोक्याची मागची बाजू, फरे, कोपर, सेक्रम, टाचा बघायच्या, कुशीवर असेल तर कान, खांदा, खुबा आणि घोट्याची दोन्ही हाडं. प्रोन, म्हणजे पालथं झोपणं, तर कोविडच्या वेळी घराघरात माहीत झाला, त्या पेशंटांच्या हनुवटीला, गालाला आणि गुडघ्याला जखमा व्हायच्या. म्हणजे पोझिशनचा शब्द कळला की कुठे बघायचं ते आपोआप कळतं.

एक मात्र सांगते. शब्दाची खात्री नसेल तर साधं लिही. "उजव्या गुडघ्याच्या खाली चार बोटं, बाहेरच्या बाजूला, रुपयाएवढी लाली" हे चुकीच्या ठिकाणी लिहिलेल्या मीडियलपेक्षा शंभर पटीने चांगलं आहे. सिस्टरांना विचारलंस तर एखाद्या वेळेस ओरडतील, ओरडू दे, विचारायचं थांबवू नकोस. आणि पेशंटशी बोलताना हे इंग्रजी शब्द अजिबात नकोत, तिथे पोटरी ती पोटरीच.

आता तुझी ऑर्थोची पोस्टिंग. भीती वाटते म्हणालीस म्हणून एकच गोष्ट पहिल्या दिवसासाठी देते. खुबा बदललेल्या पेशंटच्या दोन पायांमध्ये उशी दिसेल, ती ॲबडक्शन टिकवायला असते, पाय एकमेकांवर आले, म्हणजे ॲडक्शन झालं आणि आत वळला, तर सांधा निखळू शकतो, त्यामुळे स्पंज देताना सोय म्हणून ती उशी काढून ठेवू नकोस. मग ज्या पेशंटला स्प्लिंट, ट्रॅक्शन किंवा गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे त्याच्याकडे जा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंचित खाली फिब्युलाचं डोकं हाताला लागतं, त्याच्या मानेला वळसा घालून पेरोनियल नर्व्ह जाते, अगदी कातडीखालून. पाय बाहेर वळून पडला की ती हाड आणि स्प्लिंटमध्ये दाबली जाते. तिथे पॅडिंग आहे का बघ, पाय सरळ आहे का बघ, आणि पेशंटला पायाचा अंगठा स्वतःकडे वर उचलायला सांग, बोटांच्या मधल्या कातडीला स्पर्श कळतोय का विचार. काल उचलत होता आणि आज उचलत नाहीये असं दिसलं तर लगेच सिस्टरांना सांग, राऊंडची वाट बघू नकोस.